गणपतीला पाळणाघर बंद ठेवू का?

पत्र : मी ऐरोलीत राहत्या घरीच पाळणाघर चालवते. सहा मुलं आहेत. सगळ्यात लहान चौदा महिन्यांचं, मोठा पहिलीत. सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात. मदतीला एक मावशी येतात. मुलामागे महिना सात हजार घेते. रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार बंद असतं, शिवाय सणांचे दहाएक दिवस. त्याचे पैसे कुणी कापत नाही. पण त्याखेरीज स्वतःसाठी मी कधी सुट्टी घेतलीच नाही. यंदा आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन दिवस बंद ठेवलं, तर एका घरून दोन दिवसांचे पैसे कापून फी आली. वर मेसेज, "तुम्ही तर घरातच असता, तुम्हाला वेगळी सुट्टी कशाला लागते?" दुसरं एक कुटुंब महिनाभर अमेरिकेला गेलं आणि त्या महिन्याचे पैसे देणार नाही म्हणालं. मी गप्प बसले. आमचं गाव संगमेश्वरजवळ आहे. गणपतीला नवरा आणि मुलगी जातात, मी इथे मुलं सांभाळते. पुढच्या गणपतीला मलाही जायचंय. पण मुलं दुसरीकडे गेली तर? शेजारच्या टॉवरमध्ये मोठं डे-केअर सुरू झालंय. पालकांना सांगू तरी कसं?

ताई,

जा. पुढच्या गणपतीला पाळणाघर बंद ठेवून गावी जा. फक्त ते ऑगस्टमध्ये सांगू नका, आत्ता डिसेंबरातच सांगा. ज्या दोन घरांशी तुमचे खटके उडाले, त्या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मूल घेताना सुट्टीचा विषय कुणी काढलाच नव्हता, ना त्यांनी ना तुम्ही. मग ऐन वेळी ज्याला जे योग्य वाटलं ते त्याने केलं.

मी नौपाड्यात बरीच वर्षं पाळणाघर चालवलं. अजूनही घोडबंदरपासून खारघरपर्यंतच्या बायका याच प्रश्नावर फोन करतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पालकांच्या बाजूने बघू. रात्री साडेनऊला "उद्या पाळणाघर बंद" असा मेसेज आला की त्या घरात काय होतं? आईची सकाळी दहाला माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये मीटिंग असते, बाबांना ठाण्याहून सीएसएमटी गाठायची असते आणि आजी असते साताऱ्याला. उद्याची रजा कुणी टाकायची यावर दोघांची जुंपते. ज्याला टाकावी लागते त्याला साहेबाची बोलणी खावी लागतात. तो सगळा राग मग तुमच्यावर निघतो. हा राग मी समजू शकते, आणि तुम्हीही समजून घ्या. पैसे कापणं मात्र मला मुळीच मान्य नाही. त्याकडे पुढे येते.

तीच तारीख नऊ महिने आधी हातात असेल तर चित्र वेगळं असतं. तुमच्या सहा घरांपैकी दोनतीन घरी तरी गणपती बसत असेल, किंवा तीही मंडळी गावी जात असतील. ती आपली रजा तुमच्या तारखांना लावून घेतात. ज्यांना जमणार नाही, त्यांना आजी-आजोबांना बोलावून घ्यायला वेळ मिळतो.

आता भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि माझ्यासोबत बसा. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, सोमवारी. आदल्या आठवड्यातला १२ तारखेचा शनिवार दुसरा आहे, म्हणजे तुमचा तसाही बंद. रविवार बंद. चतुर्थी सणाच्या यादीत येतेच. पुढे मंगळवार १५ ते शनिवार १९ एवढेच पाच दिवस तुम्हाला रजेचे लागतात. गौरी-गणपतीचं विसर्जन करून रविवारी २० ला परत, सोमवारी २१ ला सकाळी आठला दार उघडं. नऊ दिवस गावी आणि रजा पाचच. रेल्वेचं आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा ११ सप्टेंबरच्या गाडीसाठी जुलैच्या मध्यावर मोबाईल घेऊन तयार राहा. पालकांना सांगितलेली तारीख तिकिटावर अवलंबून ठेवू नका. गाडी मिळाली नाही तर एसटीने जा, पण तारीख बदलू नका. एकदा बदलली की पुढची कुठलीच तारीख पालक खरी धरणार नाहीत.

वर्षाला बारा दिवस स्वतःची रजा ठेवा असं मी सुचवेन. पाच गणपतीला. २०२६ मध्ये १ मे आणि २ ऑक्टोबर दोन्ही शुक्रवारी आलेत आणि त्यानंतरचे शनिवार तुमचे कामाचे आहेत. दोन्हीकडे एकेक रजा टाकली की दोनदा तीन-तीन दिवस मोकळे मिळतील. हे झाले सात. उरलेले पाच राखीव ठेवा, आईचा दवाखाना, तुमचं आजारपण, मुलीच्या शाळेचं काही, यासाठी. मोठी सुट्टी मेमध्ये मात्र घेऊ नका. शाळा बंद असतात, पहिलीतला मुलगा तेव्हा अख्खा दिवस तुमच्याकडे असणार. त्याच्या आईला वर्षभरात तुमची सगळ्यात जास्त गरज असते ती त्याच महिन्यात.

बारा दिवस फार वाटतात का? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगारांना सणाच्या आठ भरपगारी सुट्ट्या आणि वर आठ किरकोळ रजा आहेत, शिवाय केलेल्या कामाच्या दिवसांवर मिळणारी हक्काची रजा वेगळी. तुमच्या सहा मुलांच्या पाळणाघराला हा कायदा लागू होत नाही, पण तुमच्याकडे मूल सोडून कामावर जाणाऱ्या आईबाबांना अशा रजा मिळतातच. तुम्ही त्याहून काही जास्त मागत नाही.

आता पैसे. इथे तुम्ही गप्प बसता, आणि ते मला सगळ्यात जास्त खटकलं. हिशेब कागदावर मांडू. सात हजार गुणिले बारा म्हणजे एका मुलामागे वर्षाचे ८४,००० रुपये. ३६५ दिवसांतून ५२ रविवार, २४ शनिवार आणि सणांचे १० दिवस वजा केले की २७९ उरतात. म्हणजे दिवसाला सुमारे ३०१ रुपये. बारा दिवसांच्या रजेचे पैसे कापले तर एका घराचे वाचतात ३,६१२ रुपये, म्हणजे महिन्याला तीनशेच्या आसपास. तुमचे मात्र सहा घरांचे मिळून वर्षाला २१,६७२ रुपये जातात. तुमची महिन्याची एकूण जमा ४२,००० आहे, त्यातले निम्म्याहून जास्त. एका घराला महिन्याला तीनशे रुपये जड नाहीत. तुम्हाला अर्ध्या महिन्याची कमाई सोडणं जड आहे.

म्हणून फी वर्षाची ठरवा आणि बारा समान हप्त्यांत घ्या. फेब्रुवारीत कामाचे दिवस कमी आले म्हणून फी कमी होत नाही आणि जुलैत जास्त आले म्हणून वाढत नाही, मग सप्टेंबरात पाच दिवस बंद असलं तरी ती तेवढीच. दिवसाचा दर कुणी विचारला तर सांगूच नका. दिवसाचा दर आला की दर महिन्याला वजाबाकी आली. बारा दिवसांच्या वर बंद ठेवावं लागलं, समजा तुम्हालाच ऑपरेशन निघालं, तर वरच्या दिवसांचे पैसे तुम्ही होऊन परत करा. तेवढी बाजू पालकांचीही राखली पाहिजे.

"तुम्ही तर घरातच असता" या वाक्याने तुम्हाला किती लागलं असेल ते मला कळतं. घर आणि कामाची जागा एक असली की बाहेरच्यांना काम दिसत नाही. सकाळी आठला पहिलं मूल रडत आत येतं तेव्हापासून एकाला मऊ भात भरवायचा, दुसऱ्याला मांडीवर थोपटायचं, तिसऱ्याने क्रेयॉन नाकात घातला का ते बघायचं, आणि यात चौदा महिन्यांच्या बाळावरून क्षणभरही नजर हटवायची नाही. तुम्हाला दुपारी डोळा लागून चालत नाही. एवढ्या जबाबदारीचं काम करणाऱ्या बाईने वर्षानुवर्षं सुट्टी घेतली नाही तर तिची चिडचिड होते, हात ढिला पडतो, आणि त्याची झळ मुलांना लागते. पालकांना हे शांतपणे सांगा, रागाने नको. ज्या आईने तो मेसेज केला ती स्वतः कधी घरून काम करत असेल तर तिला हे पटकन समजेल. घरून काम करते म्हणून तिची रजा कंपनीने रद्द केलेली नाही.

अमेरिकेला गेलेल्या कुटुंबाचा प्रश्न वेगळा आहे. भाड्याच्या घरात राहणारा माणूस महिनाभर गावी गेला तरी त्या महिन्याचं भाडं भरतो, कारण घर त्याच्यासाठी राखलेलं असतं. तुम्हीही त्यांच्या मुलाची जागा राखली. एका महिन्यासाठी तुम्ही दुसरं मूल घेऊ शकत नाही. लहान मूल रुळायलाच कितीतरी दिवस लागतात, आणि रुळलं की त्याला जा म्हणायचं हे कुणाच्याच मनाला पटणार नाही. मावशींचा पगार, गॅस, वीज चालूच असतं. माझं मत असं : पंधरा दिवसांपर्यंतच्या गैरहजेरीला पूर्ण फी. सलग महिनाभर जाणार असतील आणि एक महिना आधी कळवलं असेल तर अर्धी फी, जागा राखण्याची. तीही वर्षातून एकदाच. न कळवता गेले तर पूर्ण. मेमध्ये आजोळी जाणाऱ्या मुलांनाही हाच नियम लावा. आजोळ आणि अमेरिका यात फरक केलात तर दोन्ही घरं नाराज होतील.

आजारपणाचा नियम याच कागदावर हवा, कारण पैशांवरून तिथेही वाजतं. सकाळी सातला तापाचं औषध पाजून आठला मूल सोडायचं, अकराला अंग पुन्हा तापतं, हे तुमच्याकडेही होत असणार. औषध न देता चोवीस तास ताप नसेल तरच मूल यावं. कांजिण्या असतील तर प्रत्येक फोडावर खपली धरेपर्यंत नाही. पावसाळ्यात हात-पाय-तोंडावर फोड येण्याची साथ असते, तेव्हा ताप उतरून फोड सुकेपर्यंत नाही. या दिवसांचे पैसे कापले जाणार नाहीत हेही लिहा. आणि हाच नियम स्वतःला लावा. तुम्हाला ताप असेल, घरात कुणाचे डोळे आले असतील, तर पाळणाघर बंद, राखीव पाचांतून. ताप अंगावर काढून मुलांना जवळ घेणं यात कुणाचंच भलं नाही.

पाऊस. रेड अलर्ट आला आणि प्रशासनाने शाळांना सुट्टी दिली की पालक विचारतात, तुम्ही चालू आहात का? नियम असा ठेवा की शाळांना सुट्टी जाहीर झाली तर पाळणाघर बंद, मात्र ज्यांची अत्यावश्यक ड्युटी आहे, नर्स असो वा पोलीस, त्यांच्या मुलांसाठी उघडं. दिवसभर पाऊस वाढत गेला आणि मुलं तुमच्याकडे असताना ट्रान्स हार्बरची लोकल बंद पडली, तर मूल तुमच्याकडेच राहणार, पालक पोचेपर्यंत, रात्र झाली तरी. त्याचे उशिराचे पैसे घ्यायचे नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हजारो माणसं रात्रभर ऑफिसात अडकली. माझ्याकडची मुलं त्या रात्री माझ्याच घरी होती. मुगाची खिचडी केली, हॉलभर गोधड्या अंथरल्या. पहाटे छातीपर्यंत भिजलेले एक बाबा आले आणि झोपलेल्या मुलीला न उठवता तिच्या उशाशी बसून राहिले. अशा रात्री तुम्ही पालकांसाठी उभ्या राहता हे कागदावर लिहिलेलं असलं की तोच कागद तुमच्या पाच दिवसांच्या सुट्टीसाठीही वजनदार होतो. एरवीच्या उशिराला मात्र लोकलची अर्ध्या तासाची सवलत देऊन पुढे पैसे लावा.

बंद असलेल्या दिवसांची सोय कुणी करायची? पालकांनी. पण दोन वाटा तुम्ही दाखवू शकता. एक म्हणजे, २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला कायद्याने पाळणाघराची सोय द्यावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. तुमच्याकडच्या किती आयांना आपल्या कंपनीत अशी सोय आहे का हे विचारावंसं वाटलं असेल? त्यांना सांगा, एचआरला विचारून ठेवा, निदान गणपतीच्या आठवड्यापुरतं. दुसरी वाट म्हणजे आसपासच्या सेक्टरमधली तुमच्यासारखीच एखादी विश्वासातली बाई. तिच्याशी आधी बोला, तिच्याकडे जागा आहे का ते बघा, मग तिचा नंबर पालकांना द्या. पालकांनी मुलाला घेऊन तिच्याकडे एकदोनदा जाऊन यावं, म्हणजे मूल अनोळखी घरात एकदम पडणार नाही. तिच्या रजेत तुम्ही एखादं मूल घ्या, पण झेपेल तेवढंच. सहाची नऊ करू नका. आणि तिच्याकडचा व्यवहार तिचा आणि पालकांचा, तुम्ही हमी घेऊ नका.

मावशींबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत. तुम्ही गावी जाल ते पाच दिवस आणि सणांचे दहा दिवस त्यांनाही भरपगारी द्या. तुमची फी कापली जात नसेल तर त्यांचा पगार कापायला काही कारण उरत नाही. शिवाय त्यांना स्वतःच्या चारसहा रजा हव्यात, तुमच्यापेक्षा वेगळ्या दिवशी. त्या दिवशी तुमच्या नवऱ्याने किंवा ओळखीच्या कुणी मदतीला यावं, सहा मुलं एकटीने सांभाळू नका.

शेजारच्या मोठ्या डे-केअरची भीती तुम्ही घेतलीत. अशा ठिकाणी सुट्ट्यांची छापील यादी प्रवेशाच्या वेळीच हातात देतात आणि पालक ती सही करून घेतात. तुमच्याकडे यादी आली म्हणून कुणी तिकडे पळणार नाही. एखादं घर जाईलही, पण ते तीनशे रुपयांसाठी किंवा तुमच्या आजच्या गप्प बसण्याच्या सवयीमुळेच टिकून होतं. ज्यांचं मूल तुम्हाला पाहून हात पुढे करतं, ते आईबाप एवढ्यावरून मूल हलवत नाहीत.

ग्रुपवर टाकायचा मजकूर देते, हवा तसा बदला :

"नमस्कार. २०२६ च्या सुट्ट्यांची यादी सोबत देत आहे. रविवार, दुसरा व चौथा शनिवार आणि सणांचे १० दिवस नेहमीप्रमाणे बंद. याशिवाय वर्षात माझी १२ दिवस रजा राहील. त्यातली गणपतीची रजा आत्ताच ठरवली आहे : १२ ते २० सप्टेंबर पाळणाघर बंद, सोमवार २१ पासून सुरू. २ मे आणि ३ ऑक्टोबरचे शनिवारही बंद. उरलेल्या पाच दिवसांपैकी शक्य ते पंधरा दिवस आधी कळवेन, आजारपण असेल तर कळताच. फी वर्षाची असून बारा हप्त्यांत घेतली जाते, त्यामुळे या दिवसांसाठी कमी होणार नाही. मुलाच्या गैरहजेरीचे, आजारपणाचे आणि पावसाळ्याचे नियम कागदावर दिले आहेत. फीचे नियम १ फेब्रुवारीपासून लागू. काही अडचण असेल तर या शनिवारी संध्याकाळी घरी या, बोलू."

फेब्रुवारी अशासाठी की पालकांना विचार करायला आणि कुणाला जागा बदलायची असेल तर तीही बदलायला अवधी मिळावा. कागदाच्या दोन प्रती काढा, दोन्हींवर दोघांच्या सह्या. शनिवारी जे येतील त्यांना चहा द्या, ऐकून घ्या. तारखांबाबत कुणाची खरी अडचण असेल, समजा नर्सची नाइट ड्युटी त्याच आठवड्यात आहे, तर सोय शोधायला मदत करा. बारा दिवस आणि फी यांवर मात्र घासाघीस नको. एका घराला सूट दिली की ते सहाही घरांना दुसऱ्या दिवशी कळतं.

पैसे कापणाऱ्या घराला ग्रुपवर टाकण्याआधी फोन करा. ते दोन दिवसांचे पैसे परत मागू नका, कारण तेव्हा नियम नव्हता. एवढंच सांगा की आता नियम लिहिलाय आणि तो सगळ्यांना सारखा आहे. त्यांना पटलं नाही तर एक महिन्याची नोटीस त्यांनी द्यावी किंवा तुम्ही द्यावी, मूल आहे तोवर त्याच्या वागवण्यात तसूभर फरक पडू देऊ नका. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपत आलेल्या आया तुमच्याकडे चौकशी करून जात असतील. त्यांची नावं आणि नंबर एका वहीत लिहून ठेवा. जागा रिकामी झाली की त्यांच्यातल्या पहिलीला बोलवा आणि फी सांगायच्या आधी सुट्ट्यांचा कागद तिच्या हातात द्या.